घेतल्या ना?

गोळ्या मोजायला एक ट्रे असतो. निळ्या प्लास्टिकचा, एका कडेला पन्हळ असलेला. डबी त्यात उपडी करायची आणि चपट्या पट्टीने पाच-पाच गोळ्या पन्हळीत सारायच्या. पाच, दहा, पंधरा. मागच्या भेटीला किती दिल्या होत्या, मधे दिवस किती गेले, आज किती उरल्या, एवढा हिशेब केला की समोरच्या माणसाने औषध किती नेमाने घेतलं याचा अंदाज येतो. उरलेल्या गोळ्यांचा आकडा फॉर्मवरच्या चौकोनात लिहायचा, खाली सही आणि तारीख करायची, ट्रे पुसून ठेवायचा. पाचएक मिनिटांचं काम.

एचआयव्हीच्या औषधोपचारांवर संशोधन करणाऱ्या केंद्रांचं एक जाळं उभं राहत होतं, तेव्हा मी त्याच्या मध्यवर्ती कार्यालयात माहितीचं काम पाहत होते. अकरा केंद्रं, एकच अभ्यास-आराखडा. अशा कामाचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे निधी, करार, महागडी यंत्रं आणि नामवंत डॉक्टर येतात. ते सगळं लागतंच. पण जाळं खरोखर उभं राहिलं की नुसतं कागदावर राहिलं, हे माझ्या मते त्या ट्रेपाशी ठरतं. अकरा ठिकाणी अकरा माणसं ट्रे पुढ्यात घेऊन बसलेली असतात आणि पट्टी उचलण्याआधी समोरच्याला काहीतरी विचारतात. ते काय विचारतात, कसं विचारतात, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

एकाच मोठ्या रुग्णालयात अभ्यास करून का भागत नाही, असं मला ओळखीतले बरेच जण विचारायचे. शितावरून भाताची परीक्षा होते, मग इतका पसारा कशाला? होते, पण सगळी शितं एकाच पातेल्यातली असतील तर. माणसं एका पातेल्यात शिजलेली नसतात. कुठे एचआयव्हीच्या जोडीला क्षयरोग हटकून असतो, कुठे कावीळ. कुठे लोक लवकर तपासणी करून घेतात, कुठे अंथरूण धरल्यावरच दवाखान्याची पायरी चढतात. शिवाय रक्तातच फरक असतात. अबॅकाविर नावाचं औषध बहुतेकांना सोसतं, पण थोड्या जणांना त्याची तीव्र ॲलर्जी होते. आणि एकदा ती झाल्यावर औषध पुन्हा सुरू केलं तर जिवावर बेतू शकतं. या ॲलर्जीचा संबंध एचएलए-बी*५७०१ या जनुकाच्या प्रकाराशी आहे आणि तो प्रकार काही समाजांत बऱ्यापैकी आढळतो, काहींत जवळजवळ नाहीच. आधी जनुक तपासून मगच औषध दिलं तर ही ॲलर्जी टळते, हे २००८ साली ज्या अभ्यासाने सिद्ध केलं त्यात १९ देशांतले जवळपास दोन हजार लोक होते. एका शहरातल्या एका दवाखान्याला हे कधीच ठामपणे सांगता आलं नसतं.

दुसरं कारण संख्येचं, आणि ते मला जास्त थक्क करतं. औषधं चांगली झाली, तशी वाईट घटना कमी झाल्या. ही आनंदाचीच गोष्ट. पण त्यामुळे दोन उपचारांतला फरक दिसायला फार माणसं लागायला लागली. प्रतिकारशक्ती अजून शाबूत असतानाच औषध सुरू करावं की ती घसरेपर्यंत थांबावं, हा प्रश्न 'स्टार्ट' नावाच्या अभ्यासाने २०१५ मध्ये निकालात काढला. ४,६८५ माणसं, २१५ केंद्रं, ३५ देश. गंभीर आजार किंवा मृत्यू लगेच औषध घेणाऱ्यांत ४२ जणांच्या वाट्याला आले, थांबलेल्यांत ९६. हे आकडे मी एकदा केंद्रांच्या संख्येने भागून पाहिले. एका केंद्रावर सरासरी २२ माणसं येतात, आणि गंभीर घटना एकसुद्धा पुरती येत नाही. म्हणजे त्या २१५ ठिकाणी मान मोडून काम करणाऱ्या बहुतेकांनी स्वतःच्या डोळ्यांनी काहीच पाहिलं नाही. येणारी माणसं येत होती, रक्त देत होती, जात होती. साऱ्या जगातले उपचारांचे नियम बदलणारा फरक कुठल्याच एका खोलीत दिसत नव्हता. तो फक्त जाळ्यालाच दिसत होता.

मात्र त्यासाठी २१५ ठिकाणची नोंद एकाच मापाने झालेली हवी. आमचं पहिलं वर्ष याच खटाटोपात गेलं.

आराखड्यात लिहिलेला प्रत्येक शब्द पुन्हा सोलावा लागला. वजन घ्यायचं ते पायताण काढून की घालून? ताप म्हणजे थर्मामीटरवरचा, की 'काल अंग कसकसत होतं' असं सांगितलेला? चोविसाव्या आठवड्याची भेट बाविसाव्यात झाली तर ती चोविसाव्याची धरायची का? एखादी व्यक्ती घरीच वारली आणि नातेवाइकांनी फोनवर एवढंच सांगितलं, तर कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? बैठकांमध्ये तासन्‌तास यावर खल व्हायचा. नवीन आलेल्यांना हा कीस काढणं वाटायचं. मला त्या बैठका आवडायच्या. अनोळखी माणसं एका शब्दाचा एकच अर्थ घ्यायला कबूल होतात, तेव्हा त्यांच्यात पहिल्यांदा काहीतरी समाईक तयार होतं.

त्याच वर्षी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. तारखेसाठी फॉर्मवर मी नुसते आकड्यांचे चौकोन आखले होते. काही केंद्रांवर आधी दिवस लिहायची रीत होती, काहींवर आधी महिना. मला वाटलं, सूचना-पुस्तिकेत एक ओळ घातली आहे, तेवढं पुरे. तारीख तेरापासून पुढची असली की संगणक अडायचा, कारण तेरावा महिना नसतो. पण बारा तारखेपर्यंतचे दिवस दोन्हीकडून खरे दिसतात. ते गुपचूप आत गेले. चार-पाच महिन्यांनी एका सहभागीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, औषध सुरू व्हायच्या आधीच खाली आलेला दिसला, आणि माझ्या पोटात गोळा आला. मग प्रत्येक केंद्राच्या मूळ कागदांपर्यंत जाऊन एकेक तारीख पडताळावी लागली. या कामात मूळ कागदाला फार मान असतो. डॉक्टरांची टिपणं, प्रयोगशाळेचा अहवाल, औषध दिल्याचं रजिस्टर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिथे खरं लिहिलेलं होतं म्हणून आम्ही वाचलो. त्यानंतर महिना अक्षरांनी लिहायचा असं ठरलं. या क्षेत्रात जुनी माणसं हे कधीपासून करत होती, आणि मी त्यांना विचारलं नव्हतं.

रक्ताचंही तसंच. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं की घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या तासांत प्लाझ्मा वेगळा करून उणे सत्तर-ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये गेला पाहिजे, नाहीतर विषाणूची मोजणी खरी येत नाही. म्हणून रक्त काढल्याची वेळ लिहायची. एका केंद्राच्या सगळ्या वेळा दहा, साडेदहा, अकरा अशा यायला लागल्या. एकही नऊ सत्तेचाळीस नाही. तिथली परिचारिका एकटी होती, सकाळी रांग संपेपर्यंत तिला पेन उचलायलाही फुरसत नसायची, आणि दुपारी ती आठवून वेळा लिहायची. आम्ही तिला ओरडलो नाही. भिंतीवर मोठं घड्याळ आणि नळ्यांच्या स्टँडला दोरीने बांधलेलं पेन, एवढ्याने काम झालं. पण माझ्या मनात तेव्हापासून एक खूण बसली: आकडे फार गुळगुळीत दिसले की त्यांच्यामागे कुणाची तरी अडचण असते.

तरीही पुढची गोष्ट लक्षात यायला मला वेळ लागला, कारण ती चांगल्या बातमीच्या रूपात आली होती.

आमच्या एका लहान केंद्रावर सगळे सहभागी सगळी औषधं घेत होते. शंभर टक्के. प्रत्येक भेटीला, प्रत्येक माणूस, उरलेल्या गोळ्या शून्य. तिमाही बैठकीत मी त्या केंद्राचं नाव घेऊन कौतुक केलं, इतरांना त्यांच्याकडून शिकायला सांगितलं. आमच्या संख्याशास्त्रज्ञांनी बैठक संपल्यावर मला थांबवलं आणि त्याच केंद्राच्या व्हायरल लोडचा तक्ता पुढे ठेवला. आठ-नऊ जणांचे आकडे वर चढत होते. औषध पोटात जातंय आणि विषाणू वाढतोय, असं एखाद्याच्या बाबतीत होऊ शकतं, विषाणूने औषधाला दाद देणं सोडलेलं असू शकतं. एकदम इतक्या जणांत? "जाऊन बघा," ते म्हणाले. "काही बोलू नका, फक्त बसा."

मी गेले. सहभागींची परवानगी घेऊन समुपदेशनाच्या खोलीत एका कोपऱ्यात बसले. तिथल्या समुपदेशक बाई वीस वर्षं हेच काम करत होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या नावाने ओळखायच्या, मुलांच्या परीक्षा, सासूचं दुखणं, सगळं त्यांना ठाऊक असायचं. एक मध्यमवयीन बाई येऊन बसल्या. समुपदेशक बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, झोप लागते का विचारलं, जेवण जातं का विचारलं. मग डबी हातात घेत मायेने म्हणाल्या, "आणि गोळ्या? घेतल्या ना सगळ्या?"

"हो ताई."

डबी ट्रेवर उपडी झाली. काहीच पडलं नाही. चौकोनात शून्य.

दिवसभरात बारा-तेरा जण आले. बारा-तेरा वेळा तोच प्रश्न, तेच उत्तर, तीच रिकामी डबी. संध्याकाळपर्यंत तो 'ना' माझ्या कानात घुमायला लागला. आपल्या भाषेत एवढासा शब्द, पण प्रश्नाच्या शेवटी लागला की प्रश्न प्रश्न उरत नाही. 'जेवलास ना?' 'पोचलात ना नीट?' यात माया असते, काळजी असते, आणि उत्तर आधीच भरून ठेवलेलं असतं. समोरच्याने फक्त होकार भरायचा. नाही म्हणायचं तर विचारणाऱ्याची माया मोडून म्हणावं लागतं. कोण म्हणेल?

मी घाबरत घाबरतच बाईंपाशी विषय काढला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मला कळतं मॅडम. काही जण येताना उरलेल्या टाकून देतात. मला वाईट वाटू नये म्हणून. पण मी दुसऱ्या कुठल्या तोंडाने विचारू? रागावून विचारलं तर यायचेच बंद होतील."

मी माझा फॉर्म काढून पाहिला. त्यावर मीच लिहिलेलं होतं: 'औषध नियमित घेतले का?' पुढे दोन चौकोन, आधी 'हो', मग 'नाही'. त्या प्रश्नातही तो 'ना' होताच, फक्त उच्चारलेला नव्हता.

आम्ही फॉर्म बदलला. नवा मजकूर माझ्या टेबलावर तयार झाला नाही. सगळ्या केंद्रांचे समुपदेशक दोन दिवस एकत्र बसले आणि त्यांनी तो घडवला. आधी एक वाक्य: 'रोज औषध घ्यायचं म्हटलं की बऱ्याच जणांच्या गोळ्या अधूनमधून राहतात.' मग प्रश्न: 'गेल्या चार दिवसांत तुमच्या किती राहिल्या?' राहिल्या का, असं नाही, किती राहिल्या. माणूस आपोआप मनात मोजायला लागतो. त्यानंतर, 'शेवटची कधी राहिली होती?' तारीख नको, 'गेल्या आठवड्यात', 'लग्नाला गेले होते तेव्हा' असं काहीही चालेल. बाईंचा एकच आग्रह होता: 'राहिल्या' हा शब्द ठेवायचा, 'चुकवल्या' नाही. चुकवणारा गुन्हेगार असतो. राहून कुणाचंही जातं.

या अनुभवानंतर एचआयव्हीच्या औषधांचा सगळा इतिहासच मला निराळा दिसायला लागला. १९८६ च्या सप्टेंबरात झिडोव्हुडिनचा, म्हणजे एझेडटीचा पहिला मोठा अभ्यास मधेच थांबवला गेला. २८२ रुग्णांपैकी साखरेची गोळी घेणाऱ्यांत १९ मृत्यू झाले होते, औषध घेणाऱ्यांत एक. फरक इतका ढळढळीत होता की शंकेला जागाच नव्हती, आणि पुढच्या मार्चमध्ये औषधाला मान्यता मिळाली. त्यातून साहजिकच पुढचा विचार आला: आजाराची लक्षणं दिसायच्या आधीच हे दिलं तर आणखी बरं, नाही का? ब्रिटन, फ्रान्स आणि आयर्लंडमधल्या केंद्रांनी मिळून 'कॉन्कॉर्ड' अभ्यास केला, लक्षणं नसलेल्या १,७४९ जणांवर. लगेच औषध घेणाऱ्यांच्या सीडी फोर पेशी, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, वाढलेल्या दिसत होत्या. चाचणीचा आकडा 'हो' म्हणत होता. पण १९९३ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा तीन वर्षांनंतर जगण्या-मरण्यात फरकच नव्हता. एकट्या एझेडटीचा जोर टिकत नव्हता. पेशींना विचारलेल्या प्रश्नाला आपल्याला हवं ते उत्तर मिळालं होतं. आयुष्याला विचारल्यावर खरं काय ते कळलं. पुढे औषधं जोडीने, मग तिनाच्या संगतीने दिली जाऊ लागली, आणि लवकर सुरुवात करण्याचा तोच प्रश्न 'स्टार्ट'मध्ये पुन्हा विचारला तेव्हा उत्तर पालटलेलं होतं.

'स्मार्ट' अभ्यासाबद्दल मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा अस्वस्थ होते, कारण त्यामागची इच्छा फार भली होती. औषधांनी लोक थकले होते. चरबी विचित्र जागी साचणं, कोलेस्टेरॉल वाढणं, पोट बिघडणं. सीडी फोर ३५० च्या वर असताना औषध थांबवावं, २५० च्या खाली गेलं की पुन्हा सुरू करावं, म्हणजे शरीराला विसावा मिळेल, हृदयावर आणि यकृतावर ताण कमी पडेल, अशी आशा होती. चालेल ना? डॉक्टरांना ते हवं होतं, औषध घेणाऱ्यांना तर हवंच होतं. ३३ देशांतली ३१८ केंद्रं, ५,४७२ माणसं. २००६ च्या जानेवारीत स्वतंत्र सुरक्षा समितीने आकडे उघडून पाहिले आणि नव्या लोकांना घेणं थांबवायला सांगितलं. औषध थांबवणाऱ्या गटात १२० जणांना संधिसाधू, म्हणजे प्रतिकारशक्ती घसरल्यावर जडणाऱ्या आजाराने किंवा मृत्यूने गाठलं होतं, सलग घेणाऱ्यांत ४७. आणि ज्या हृदयाला, मूत्रपिंडाला, यकृताला विसावा मिळेल असं वाटत होतं, त्यांचे गंभीर आजारही थांबवणाऱ्यांतच जास्त होते. एखाद्या प्रेमळ डॉक्टरने आपल्या दवाखान्यात चाळीस-पन्नास जणांना अशी सुट्टी दिली असती, तर त्याला आपण उपकारच करतोय असं वाटलं असतं.

म्हणून रँडमायझेशन, म्हणजे कोण कुठल्या गटात जाणार हे कुणाच्याही मर्जीवर न ठेवणं. म्हणूनच निकाल काय लागला म्हणायचं हे आधीच लिहून ठेवणं आणि जमा होणारे आकडे केंद्रांपासून झाकून ठेवणं. सुरुवातीला मला ही सगळी कोरडी शिस्त वाटायची. प्रश्नाच्या टोकाला चिकटलेला आपला 'ना' खरवडून काढायची ही हत्यारं आहेत, हे मला त्या समुपदेशनाच्या खोलीत कळलं.

एचपीटीएन ०५२ हा अभ्यास मला या बाबतीत फार सुंदर वाटतो. भारतासह नऊ देश, १,७६३ जोडपी, दोघांपैकी एकालाच लागण झालेली. ज्याला लागण आहे त्याला लवकर औषध दिलं तर जोडीदार वाचतो का, हा प्रश्न. २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा एकूण ३९ जोडीदारांना नव्याने लागण झालेली होती. ती घरातल्या जोडीदाराकडूनच आली ना, असं धरून चालणं किती सोपं होतं. त्यांनी तसं धरलं नाही. दोघांच्या रक्तातल्या विषाणूची जनुकीय रचना ताडून पाहिली. २८ जुळले. त्या २८ पैकी लवकर औषध सुरू केलेल्या गटातला फक्त एक होता. विचारायला अवघड असलेला प्रश्न त्यांनी माणसाला विचारला नाही, विषाणूला विचारला, आणि कुणालाही मान खाली घालायला न लावता खरं ते मिळवलं.

आमच्या हाती मात्र विषाणूखेरीज माणसंही होती, आणि 'हो ताई'च्या मागे नुसता संकोच नव्हता. भीती होती. खरं सांगितलं तर अभ्यासातून काढून टाकतील, मग औषध कुठून मिळणार? संमतीपत्रात स्पष्ट लिहिलेलं असतं की केव्हाही बाहेर पडलात तरी तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही. नैतिकता समितीने त्या वाक्यावर शिक्का मारलेला असतो. पण चौदा पानांतलं वाक्य आणि मनातली भीती यांची गाठ पडायला कुणीतरी माणूस मधे लागतो.

सहभागींची सल्लागार मंडळी आम्ही तशी उशिराच नेमली, याची मला आजही खंत आहे. हा धडा तर जगाने कधीच गिरवला होता. १९८३ मध्ये डेन्व्हरला एड्स झालेल्या लोकांनीच जाहीर केलं होतं की आम्हाला 'बळी' म्हणू नका, आणि जिथे आमच्याबद्दल निर्णय होतात तिथे आम्ही हवे. १९९० च्या मे महिन्यात अमेरिकेत बेथेस्डाला सरकारी आरोग्य संस्थांच्या आवारावर 'ॲक्ट अप' या एड्सविरोधी चळवळीचे कार्यकर्ते याच मागण्या घेऊन धडकले. त्या लढ्यामुळे संशोधन-समित्यांमध्ये औषध घेणाऱ्यांना जागा मिळाली.

आमच्या मंडळाच्या पहिल्याच बैठकीत एक गृहस्थ उठून म्हणाले, "तुमची डबी वाजते."

आम्हाला कळेना. त्यांनी पिशवीतून डबी काढून हलवून दाखवली. खुळखुळ, खुळखुळ. "बसमध्ये, कामावर, सगळीकडे वाजते. आम्ही काय करतो, कापूस कोंबतो. नाहीतर घरी गेल्यावर गोळ्या कागदात बांधतो आणि डबी फेकून देतो. मग तुम्ही म्हणता मोजायला डबी आणा."

त्या डब्यांची निवड आम्ही काळजीपूर्वक केली होती. घट्ट झाकण, आत ओल शोषणारी पुडी, साठवणुकीचं तापमान, सगळं तपासलं होतं. ती कानाशी धरून हलवून पाहायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. त्याच मंडळाने आमचा संपर्काचा फॉर्मही नव्याने लिहून दिला. आम्ही फक्त फोन नंबर विचारत होतो. त्यांनी पुढे घातलं: हा फोन घरात आणखी कोण उचलतं? त्यांनी उचलला तर आम्ही कोण म्हणून सांगायचं? निरोप ठेवायचा का? फोन कुठल्या वेळेला नको?

हे सगळं कशासाठी, तर माणूस हरवू नये म्हणून. अशा अभ्यासांत अठ्ठेचाळिसाव्या आठवड्याला व्हायरल लोड ५० च्या खाली आहे का, हे पाहायची रीत आहे, आणि ज्याचा आकडाच नाही तो सहसा अपयशात मोजला जातो. मला हा नियम आधी निर्दय वाटायचा. माणूस कदाचित दुसऱ्या गावी ठणठणीत असेल. पण न आलेल्यांना मोजणीतून वगळलं, तर जे केंद्र गैरहजर माणसाला शोधायला जात नाही तेच सगळ्यात उत्तम दिसेल. आता मला त्या नियमात माया दिसते. तो म्हणतो, आधी शोधून या, मग बोला.

नवा फॉर्म लागू झाल्यावर पहिल्या तिमाहीत आमचे आकडे वाईट झाले. सगळ्याच केंद्रांचे. उरलेल्या गोळ्या दिसायला लागल्या. निधी देणाऱ्यांपुढे तो तक्ता ठेवताना माझे हात गार पडले होते. संख्याशास्त्रज्ञ शेजारी बसले होते. त्यांनी फक्त बाजूचा व्हायरल लोडचा रकाना दाखवला. पहिल्यांदाच दोन्ही रकाने एकमेकांना ओळखत होते.

सहा महिन्यांनी मी त्या लहान केंद्रावर परत गेले. पुन्हा परवानगी घेऊन त्याच कोपऱ्यात बसले. योगायोगाने त्याच बाई आल्या. हात हातात घेतला गेला, झोपेची चौकशी झाली. मग समुपदेशक बाईंनी ते वाक्य म्हटलं, बऱ्याच जणांच्या गोळ्या राहतात असं, आणि विचारलं, "किती राहिल्या?"

त्या बाईंनी डबीचं झाकण उघडलं, बोटाने कापूस बाहेर काढला आणि डबी स्वतःच ट्रेवर उपडी केली. पाच गोळ्या पन्हळीत सरकल्या. मग आणखी दोन.

"सात," त्या म्हणाल्या. "नवरा रात्रपाळीवरून दिवसपाळीत आला ना ताई, मग घ्यायची कुठे ते कळेना."

समुपदेशक बाईंनी चौकोनात सात लिहिले. पेन खाली ठेवलं आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.